जौनपूरच्या रस्त्यावर फुटलेलं इंजिन

आमची मोटार आमच्या दारापर्यंत कधी आली नाही. मंगलागौरीच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहावं लागतं, तिथे मोटार कुठून शिरणार? ती मैदागिनला असायची, लाकडाच्या वखारीला लागून असलेल्या एका खपरेलीच्या छपराखाली. माझे यजमान सकाळी पंचगंगेवर स्नान करून यायचे, चहा घ्यायचे आणि पायीच तिकडे निघायचे.

मोटारीवरून घरात खूप झालेलं होतं, ते मी लग्न होऊन येण्याच्या आधी. माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. ते वैदिक, घरीच विद्यार्थी शिकवायचे. दक्षिणेतून यात्रेकरू आले की आमच्याकडे उतरायचे, त्यांची श्राद्धं, पूजा अण्णा करून द्यायचे. एकुलत्या एका मुलानं हेच पुढे चालवावं, अशी त्यांची इच्छा. ह्यांनी संहिता अर्धी टाकली आणि एका रईसाच्या ड्रायव्हरकडे जाऊन मोटार शिकले. मग त्याच रईसाची जुनी अमेरिकन मोटार, छत कापडाचं, दारं दोरीनं बांधलेली, अशी घेतली. अण्णा कित्येक महिने बोलले नाहीत म्हणे. पुढे अण्णांचेच यात्रेकरू त्या मोटारीतून प्रयागला जायला लागले तेव्हा कुठे घर शांत झालं. अण्णा स्वतः मात्र तिच्यात कधी बसले नाहीत.

मी सांगते आहे ते लढाईच्या दिवसांतलं. पेट्रोल कुपनावर मिळायचं. इंजिनात घालायचं तेल म्हणून जे मिळायचं ते कसलं असायचं ते देवाला ठाऊक. आगगाड्या फौजेच्या माणसांनी भरून जायच्या, त्यामुळे दक्षिणेचे यात्रेकरूही आटले होते.

मला आई नव्हती. मी लहान असतानाच ती गेली आणि वडिलांनी मला जौनपूरला आत्याकडे ठेवलं. आत्याचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. तिला एक मुलगा, माझ्याहून बराच मोठा, त्याला मी दादा म्हणायची. जौनपुरात मराठी घरं अशी मोजकीच. आत्यानं मला वाढवलं, अक्षरओळख करून दिली, आणि स्थळ आलं तेव्हा काशीतलं आहे म्हणून लगेच होकार दिला. येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची, "पोर काशीत दिली ती काही उगाच नाही हो. मरायला घर करून ठेवलंय मी."

मास्तर गेल्यावर तिनं काशीवासाचं मनावर घेतलं. त्यासाठी थोडं थोडं बाजूलाही टाकत होती. पण दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी सुनेचं बाळंतपण, कधी दादाची बदली होता होता राहायची. दादा म्हणायचा, "आई, आता पुढच्या वर्षी नक्की." आणि ती थांबायची. तिला घाई नव्हती. तब्येत चांगली होती.

थंडी सरत आली होती तेव्हा दादाची तार आली. आत्याचं एक अंग गेलं होतं, मोटार घेऊन ताबडतोब या, असं. निजलेल्या माणसाला त्या गर्दीतून रेल्वेनं आणणं शक्यच नव्हतं. ह्यांनी एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून पेट्रोल मागून घेतलं. मीही निघाले. सासूबाईंनी गंगाजळाचा गडू आणि तुळस बांधून दिली. गडू देताना त्यांनी माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

आत्या खाटेवर होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द जड येत होते, पण डोकं शाबूत. मला पाहून म्हणाली, "आलीस? चल." जेवायचंही कुणाला सुचलं नाही. शेजाऱ्यांनी तिला खाटेसकट बाहेर आणलं आणि मागच्या बाकावर गादी घालून निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. दादा पुढे, ह्यांच्या शेजारी. वहिनी दारात मुलांना धरून उभी होती. आत्यानं तिच्याकडे पाहून चांगला हात थोडा वर केला आणि आम्ही निघालो.

जाताना मोटार कशी चालली होती ते मला आठवत नाही. येताना मात्र एक आवाज सुरू झाला. लोखंडावर लोखंड आपटावं तसा, ठक ठक, वेग वाढला की जलद होणारा. आत्याला तो खालून, अंगाला जाणवत असणार. तिनं विचारलं, "कसला गं आवाज?"

मी ह्यांना विचारलं. मागे न बघता म्हणाले, "काही नाही. जुनी गाडी आहे."

फूलपुरात ते उतरले. इंजिनाचं झाकण उघडून पाहिलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, एक सळई बाहेर काढून पुसली आणि पुन्हा आत घातली. दादानं विचारलं, "ठीक आहे ना?" हे "हो" म्हणाले आणि बसले. त्यानंतर मोटार हळू चालली होती, इतकी की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते.

थोड्या वेळानं आत्याचा श्वास बदलला. मध्येच थांबायचा, मग एकदम घशात घरघर होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मी चमच्यानं गंगाजळ तिच्या ओठांना लावलं. दादा वळून आईकडे बघत होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. तो ह्यांना म्हणाला, "जरा जोरात घेता येईल का? पोचायला हवं हो."

 मोटारीनं वेग घेतला. तो आवाज वाढत गेला, आणि बाबतपूर मागे पडल्यावर एक असा तडाखा बसला की मला वाटलं आम्ही कशावर तरी आदळलो. खालून निळा धूर आला. मोटार घसरत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली, आणि सगळं एकदम शांत झालं. बाजूला सरसोंचं शेत होतं. मागच्या रस्त्यावर काळ्या तेलाची लांब रेघ पडली होती.

दादा उतरून पळतच गेला, एखादा एक्का किंवा गाडी बघायला. ह्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. मग ते मागच्या दाराशी येऊन उभे राहिले.

आत्या म्हणाली, "आलं का?"

हे म्हणाले, "आलंच, आत्या."

"मग थांबलात का?"

 हे तिथेच मोटारीच्या पायरीवर बसले आणि आत्याची पावलं दोन्ही हातांत धरून राहिले.

दादाला एक बैलगाडी मिळाली. गाडीवाल्यानं त्यातला ऊस खाली उतरवला, स्वतःचं घोंगडं अंथरलं. आम्ही आत्याला तिच्यात ठेवलं. मोटार तिथेच राहिली. हरहुआ यायच्या आधी, एका आंबराईपाशी, आत्या गेली. मी तिच्या तोंडात तुळस ठेवली. दादानं तिच्या कानात देवाचं नाव घेतलं होतं की नाही ते मला कळलं नाही, गाडीच्या चाकांचा फार आवाज होता.

काशीच्या माणसाला हरहुआच्या अलीकडे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पंचक्रोशीचा रस्ता तिथून जातो. त्याच्या आत देह पडला तर मुक्ती. आम्ही बाहेर होतो. फार नाही, पण बाहेर.

मणिकर्णिकेवर सगळं यथासांग झालं. दिवस आमच्याच घरी केले. दादा आमच्याकडे राहिला, खालच्या खोलीत, जिथे यात्रेकरू उतरायचे. पहिल्या दिवशीच, घाटावरून आल्यावर, ओलेत्यानंच त्यानं अण्णांना विचारलं, "अण्णा, आईला मुक्ती मिळाली ना?"

अण्णांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "कुठे गेल्या त्या?"

हे म्हणाले, "बाबतपूरच्या पुढे. हरहुआच्या अलीकडे."

अण्णांनी आयुष्यात कधी ग्रंथातलं अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. घाटावर दानासाठी अडून बसणाऱ्या गंगापुत्र पुरोहितांशीही ते शास्त्रावरून भांडायचे, यात्रेकरूला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. ते मागच्या खांबाला टेकले. मग म्हणाले, "मिळाली. जो क्षेत्राच्या वाटेला लागला तो क्षेत्रातच असतो."

दादानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी लग्न झाल्यापासून त्यांचे पाठ ऐकत होते, विद्यार्थ्यांना सांगितलेले अर्थ ऐकत होते. हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "आज एकादशी नाही." ते म्हणाले, "माहीत आहे."

मोटार आणायला हे दुसऱ्या दिवशी गेले. ती बैलांनीच ओढून आणावी लागली. शिवपूरपासून मैदागिनपर्यंत पोरं मागून ओरडत होती, दुकानांतून लोक उठून बघत होते. एका पानवाल्यानं विचारलं, "का पंडितजी, पेट्रोल नाहीं मिलल का?" हे मला त्यांनीच सांगितलं, अगदी सरळ, काही वाटत नसल्यासारखं.

चेतगंजचा मिस्तरी छपरात येऊन इंजिन उघडून गेला. इंजिनात पिस्टनला वरखाली फिरवणारा जो दांडा असतो, तो तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला होता. मूठ जाईल एवढं भोक, आणि भोकापासून वर गेलेला तडा. मिस्तरीचं म्हणणं होतं की हे इंजिन भंगारात द्यावं. तसलीच एक मोटार मिर्झापूरकडच्या एका जमीनदाराच्या वाड्यात पडून होती. तिची बॉडी झाड पडून चेपली होती, पण इंजिन चांगलं होतं. तो व्यवहार करून द्यायला मिस्तरी तयार होता. त्यात त्याचंही काही असणार. हे म्हणाले, "और इसको बना दो तो?" मिस्तरी म्हणाला, भोकावर पत्रा बसवू, तडा पितळेनं भरू, नवा पिस्टन विलायतेहून येत नाही तर इथेच ओतून घेऊ. "चल जाएगी. मगर लंबे रास्ते का भरोसा मत कीजिएगा."

घरात मत विचारावं असं कुणी नव्हतं, तरी सगळ्यांना मत होतं. सासूबाई म्हणायच्या, ती अवदसा आहे तशी विकून टाका. मला वाटायचं दुसरं इंजिन घालावं. आमचं पोट त्याच्यावर होतं. अण्णांचे विद्यार्थी कमी झाले होते, आमची मुलगी लहान होती. पण एवढं आणायचं कुठून, हा प्रश्न होता, आणि तो मी कुणाला विचारू शकत नव्हते.

तेराव्यानंतर दादा जौनपूरला जायला निघाला. निघण्याआधी तो आणि हे आणि मी माजघरात बसलो होतो. दादानं कोटाच्या खिशातून एक रुमाल काढून पुढे ठेवला. गाठ मारलेला, जुना, आत्याचा.

"हे आईनं काशीवासासाठी ठेवलेले," तो म्हणाला. "खर्च तर तुम्हीच सगळा केलात. याच्यात ते दुसरं इंजिन येईल असं मिस्तरी म्हणतो. मी त्याच्याकडे जाऊन आलो."

हे म्हणाले, "नको."

"नको कसं? तुमची गाडी आईपायी गेली. नशीब कुणाच्या हातात असतं का? आईचे पैसे काशीला यायला होते ना? मग कुणालातरी काशीत पोचवायला लागू देत."

हे पुन्हा "नको" म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहू दे इथे. मी बोलते." त्यानं रुमाल माझ्याकडे ठेवला.

मी बोलले ते गच्चीवर, दुपारी. गहू वाळत घातले होते आणि माकडं येतात म्हणून मी काठी घेऊन बसले होते. हे वर आले आणि कठड्याला टेकून गंगेकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "दादा एवढ्या मनानं देतोय. त्याला वाईट वाटेल. आणि आपल्याला दुसरा उपाय तरी काय आहे?"

ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मला समजलं नाही.

"इंजिन जाणार हे ठाऊक होतं. जौनपूर सोडतानाच आवाज ओळखला होता मी. फूलपूरला बघितलं, तेल तळाला गेलेलं. तिथे तेल मिळण्यासारखं नव्हतं. हळू आलो असतो तर आलो असतो. त्या चालीनं संध्याकाळपर्यंत हरहुआ ओलांडून शिवपूर गाठलं असतं. दादा म्हणाले जोरात घ्या, तेव्हा मला सांगता आलं असतं की जोरात घेतली तर फुटेल. नाही सांगितलं."

"का नाही सांगितलं?"

"वाटलं, पोचेल. आत्यांचा श्वास ऐकवत नव्हता. वाटलं, तेवढं अंतर पोचेल."

माझ्या हातातली काठी तशीच होती. एक माकड येऊन ओंजळभर गहू घेऊन गेलं, मी बसूनच राहिले. मला राग आला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आवाज कसला म्हणून तिनं विचारलं होतं.

मी म्हटलं, "तिला विचारायचं होतंत. हळू नेऊ का जोरात, हे तिला विचारायचं होतंत. ती शुद्धीत होती. मरणार ती होती."

 मग मी म्हटलं, "दादाला सांगून या. नाहीतर तो रुमाल मी घरात ठेवणार नाही."

त्यानंतर आम्ही एका घरात राहून बोललो नाही. मी वाढायची, ते जेवायचे. सासूबाईंना वाटलं पैशांवरून काहीतरी बिनसलंय. एका रविवारी ते सकाळच्या गाडीनं जौनपूरला गेले. रुमाल बरोबर नेला.

परत आले ते दिवेलागणीला. पाय धुऊन चुलीपाशी येऊन बसले. मी विचारलं नाही, तेच सांगायला लागले.

दादानं सगळं ऐकून घेतलं होतं.  मग वहिनीला पानं घ्यायला सांगितलं. हे जेवले, दादा शेजारच्या पाटावर बसून जेवला. मुलं काहीतरी हट्ट करत होती, त्यांना तो रागावला. निघताना रुमाल हातात घेतला आणि दारापर्यंत पोचवायला आला. तिथे म्हणाला, "म्हणजे मी जोरात घ्या म्हणालो, त्यामुळे."

हे म्हणाले, "नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं."

"पण म्हणालो मीच ना."

आणि तो आत गेला. दार लोटून घेतलं.

हे ऐकल्यावर माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण त्यात दुसरंही काही मिसळलं. मीच त्यांना पाठवलं होतं. दादा त्या वाक्याशिवाय जगत होता तो आता त्या वाक्यासकट जगणार होता. तरीही पुन्हा वेळ आली तर मी पाठवीनच, असंही तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

दादाची पत्रं बंद झाली. दिवाळीला वहिनीचं एक कार्ड आलं, मुलांची खुशाली लिहिलेलं.

इंजिन मग तेच दुरुस्त करायचं ठरलं. ठरलं म्हणजे दुसरं काही उरलं नव्हतं. मिस्तरी नाराज होता. पण मजुरीच्या बदल्यात ह्यांनी त्याच्या दुकानात काम करायचं, या बोलीवर त्यानं हात घातला. पावसाळाभर हे चेतगंजला जात होते. दुसऱ्यांच्या मोटारींखाली झोपून काम करायचे, आणि स्वतःचं इंजिन एका कोपऱ्यात सुटं पडलेलं. ब्लॉक दोनदा फुकट गेला असं वाटलं. पितळ भरताना तडा आणखी वर गेला, मग पुन्हा भरला. हातांना तेलाचा वास लागला तो सोवळ्यातही जाईना. सासूबाई त्यांना वेगळ्या पाटावर वाढू लागल्या. अण्णा एकदा म्हणाले, "राहू दे, इकडेच बस म्हणावं," एवढंच.

दिवाळीनंतर मोटार चालली. आवाज बदलला होता, जरा घोगरा झाला होता. मैदागिनच्या लोकांनी हार घातला. हे घरी आले आणि म्हणाले, "चालली." मी म्हटलं, "बरं झालं."

मी तिच्यात पुन्हा बसले नाही. शपथ वगैरे घेतली नव्हती. पायरीवर पाय ठेवायची वेळ आली की मी म्हणायची, चालतच जाते.

ते फक्त शहरात चालवायचे. कँट स्टेशन, गोदौलिया, मैदागिन, फार तर सारनाथ. मिस्तरीनं लांबच्या रस्त्याचं सांगितलं होतं, पण कारण तेवढंच नव्हतं. गाजीपूरहून, मिर्झापूरहून माणसं यायची. आमच्या म्हाताऱ्याला काशीत आणायचंय, गाडी द्या. हे त्यांना दुसऱ्या ड्रायव्हरकडे न्यायचे, भाडं ठरवून द्यायचे, त्याच्या गाडीचं तेल स्वतः बघायचे आणि मग परत यायचे. अशा दिवशी ते घरी आले की मला न सांगता कळायचं.

लढाई संपायच्या आधीच्या थंडीत अण्णा आजारी पडले. छातीत कफ झाला आणि उतरेना. त्यांना स्वतःबद्दल काही काळजी नव्हती, ते मंगलागौरीत होते, खालून गंगेचा आवाज येत होता. त्यांचं अन्न सुटल्यावर एक दिवस दुपारी दारात दादा उभा. कुणी कळवलं ते मला ठाऊक नाही, सासूबाईंनी कुणाकडून तरी कळवलं असावं. त्याचे केस पिकले होते. त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली, ह्यांच्याकडे नाही, आणि सरळ अण्णांच्या खाटेपाशी जाऊन बसला.

मी अण्णांना पेज भरवत होते, म्हणून मी तिथेच होते.

तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही मला सांगितलं होतं, मिळाली म्हणून."

अण्णा म्हणाले, "सांगितलं होतं."

"ते शास्त्रात आहे?"

"नाही."

 हे दाराशी उभे होते. दादानं विचारलं, "मग आई कुठे आहे?"

अण्णांना धाप लागत होती. त्यांनी बोलायला वेळ घेतला. "मला ठाऊक नाही. तेव्हाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, हे केलं की ते मिळतं. आता माझी पाळी आहे, तर मला माझंही ठाऊक नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्याशी खोटं बोललो ते माझ्या मुलाला वाचवायला. तुझ्याकरता नव्हतं."

ह्यांनी ते ऐकलं. ते तिथून हलले नाहीत.

 मला वाटलं दादा उठून जाईल. त्यानं खाली सरकून अण्णांचे पाय चेपायला घेतले. अण्णांना डोळा लागला तरी चेपत राहिला.

अण्णा जाईपर्यंत तो आमच्याकडेच होता. रात्री आळीपाळीनं जागायचे, तो आणि हे. एकमेकांना औषधाची वेळ सांगायचे, गरम पाणी मागायचे. पुढे होऊन खांदा दिला तोही दोघांनी. तेव्हा मला आशा वाटली होती, खोटं का बोलू.

तेराव्यानंतर तो निघाला तेव्हा ह्यांना म्हणाला, "स्टेशनपर्यंत सोडता?" मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दोघं पुढेमागे चालत गेले, ट्रंक ह्यांच्या हातात.

हे परत आले आणि पाणी मागितलं. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. पुढे बसले होते. स्टेशन येईपर्यंत रस्त्याकडे बघत होते."

"मग?"

"उतरले. भाडं विचारलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "भाडं?"

"हो. मैदागिन ते कँट किती घेता म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी दिलं. मी घेतलं."

पुढे कितीतरी वर्षं मी त्याचा अर्थ लावत राहिले. दादानं ह्यांना परका ड्रायव्हर ठरवलं, की इतरांसारखं भाडं देऊन तो हिशेब तिथल्या तिथे मिटवला, मला कळलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "स्टेशनवर गर्दी होती. मागून एक्केवाले ओरडत होते." दादा पुन्हा काशीला आला नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा मी एकटी जाऊन आले. त्यानं माझी नीट व्यवस्था ठेवली, ह्यांची चौकशी केली नाही.

लढाई संपल्यावर बाजारात बऱ्या मोटारी आल्या आणि आमच्या मोटारीला कुणी विचारीना. चौबेपूरकडच्या एका माणसानं ती नेली. बॉडी भंगारात दिली आणि इंजिन पिठाच्या गिरणीला लावलं. ह्यांनी पाण्याच्या पंपावर नोकरी धरली आणि शेवटपर्यंत तिथेच होते. गिरणीवाला अधूनमधून निरोप पाठवायचा, इंजिन बंद पडलंय, येऊन बघून जा. ते म्हणायचे, "चेतगंजला मिस्तरी आहे, त्याला न्यायला सांग."